आधी रस्ता, मग घर

पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे दादर-माटुंग्याच्या बाजूला गेलेला माणूस चक्रावलाच असता. भाताची खाचरं बुजवून, ताडामाडांची रानं हटवून सपाट केलेली जमीन, तिच्यावर सरळ रेषेत आखलेले रुंद रस्ते, कडेनं गटारं, पदपथांसाठी सोडलेल्या पट्ट्या, आणि घरं मात्र कुठे कुठे तुरळक. हे रस्ते मुंबईच्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने तयार केले होते. एकट्या दादर-माटुंगा योजनेचाच पसारा सुमारे ४४० एकरांचा. भूखंड भाडेपट्ट्याने द्यायचे होते, पण ते हळूहळूच उचलले जात होते. वस्ती खऱ्या अर्थानं भरली ती १९२०-३० च्या दशकांत. तोवर रस्ते माणसांची वाट पाहत राहिले.

आज त्याच जागी हिंदू कॉलनीच्या गल्ल्यांतून चालून पाहावं. गल्ल्यांना नुसते क्रमांक आहेत: पहिली, दुसरी, तिसरी. प्रत्येक गल्ली दोन्ही टोकांना कुठेतरी उघडते. एखादी खोदून ठेवलेली असली तर पुढच्या वळणावरून माणूस फाइव्ह गार्डन्सकडे पोचतो, फार तर दोन-तीन मिनिटं जास्त लागतात. शाळेत निघालेलं पोर, भाजी घेऊन परतणारी बाई, काठी टेकत फिरायला निघालेले आजोबा, सगळ्यांना दोन-तीन वाटांतून आपली वाट निवडता येते. इमारती इथे केव्हाच बदलू लागल्या आहेत. तीन-चार मजली घरं पाडून टॉवर उठताहेत. रस्ते मात्र शंभर वर्षांपूर्वी जिथे आखले तिथेच आहेत.

मुंबईच्या रस्त्यांचा सव्वाशे वर्षांचा इतिहास मला या एका प्रश्नाभोवती फिरताना दिसतो. आधी रस्ता आला, की आधी घर आलं?

त्याची सुरुवात प्लेगपासून होते. सप्टेंबर १८९६ मध्ये मूळचे गोव्यातल्या हडफडे गावचे डॉ. अकासिओ व्हिएगास यांनी मांडवी भागातल्या रुग्णांत गाठीचा प्लेग ओळखला, आणि पुढच्या काही महिन्यांत अर्धं शहर गाठोडी बांधून पळालं. १८९१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या ८,२१,७६४ होती. १९०१ मध्ये ती ७,७६,००६ भरली. वाढत्या शहराची लोकसंख्या दहा वर्षांनी कमी भरावी, यावरून त्या वर्षांचा हाहाकार कळतो. प्लेगचा उंदरांशी आणि पिसवांशी असलेला संबंध पक्का व्हायचा होता. सरकारच्या लेखी दोष दाटीचा, कोंदट हवेचा आणि अंधाऱ्या खोल्यांचा होता. १८९८ मध्ये कायदा करून इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला तो याच समजुतीतून: समुद्रावरचा वारा शहरात आत शिरला पाहिजे, आणि त्यासाठी रस्ते पाडले पाहिजेत.

जुनी मुंबई म्हणजे भुलेश्वर, मांडवी, काळबादेवी, गिरगाव. तिथले रस्ते अरुंद होते, पण ते एकमेकांत गुंतलेले होते. गिरगावच्या वाड्या मूळच्या नारळी-पोफळीच्या बागा. खोताची वाडी, फणसवाडी, कांदेवाडी, झावबावाडी. बाहेरून पाहिलं तर वाडीला एकच तोंड असतं, गाडीला दुसरीकडून वाट नाही. चालणाऱ्या माणसाला मात्र मागच्या चाळीचा जिना, विहिरीजवळची फट, देवळामागचा बोळ असं काहीतरी सापडायचंच. ठाकूरद्वारहून मुगभाटात जायला गिरगावकराला हमरस्ता लागत नसे. रस्ता जोडलेला आहे की नाही, हे कुणाच्या पायांनी मोजायचं यावर ठरतं. गाडीसाठी बंद असलेली वाडी पायांसाठी मोकळी असू शकते. पुढे उपनगरांत नेमकं उलटं झालं, त्याकडे येतोच.

ट्रस्टने या विणीत कात्री घातली. मरीन लाइन्सकडून आत जाणारी प्रिन्सेस स्ट्रीट, म्हणजे आजचा शामळदास गांधी मार्ग. चौपाटीकडून पूर्वेला गेलेला सँडहर्स्ट रोड, आजचा सरदार वल्लभभाई पटेल रोड. क्रॉफर्ड मार्केटपासून उत्तरेला गेलेला मोहम्मद अली रोड. हे रस्ते नसते तर दक्षिण मुंबईची पुढची शंभर वर्षं कशी गेली असती, याची कल्पना करवत नाही. पण त्यांची किंमत ज्यांनी मोजली त्यांना त्या रस्त्यांवर घर मिळालं नाही. हजारो खोल्या पाडल्या गेल्या. बेघर झालेली माणसं लांब जाऊ शकत नव्हती, कारण गोदीतलं आणि बाजारातलं काम पायी गाठायचं होतं. ती शेजारच्याच गल्ल्यांत शिरली आणि तिथली दाटी वाढली. ट्रस्टने चाळी बांधल्या, पण त्या पाडलेल्या घरांच्या मानानं अपुऱ्या. हवा खेळावी म्हणून पाडलेल्या रस्त्याच्या पलीकडच्या गल्लीत श्वास घ्यायला जागा उरू नये, हा अन्यायच होता. त्या रस्त्यांचं कौतुक करताना तो विसरता येत नाही.

ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी एक नियम लावून धरला होता: खिडकीच्या तळापासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंतचा कोन साडेत्रेसष्ट अंशांपेक्षा जास्त नसावा. साध्या हिशेबानं, जितकी उंच भिंत त्याच्या निम्मी तरी मोकळी जागा समोर हवी. जुन्या शहरात हे पाळणं अशक्यप्राय होतं. माहीम-दादरच्या मोकळ्या जमिनीवर ते शक्य होतं, आणि म्हणून ट्रस्टची नजर उत्तरेकडे वळली. तिथे क्रमच उलटला. पाडून रस्ता काढण्याऐवजी रस्ता काढून ठेवायचा आणि मग बांधू द्यायचं. मंचेरजी जोशी यांच्या खटपटीनं पारशी कॉलनी उभी राहिली, शेजारी हिंदू कॉलनी, पुढे किंग्ज सर्कलच्या दिशेला दक्षिण भारतीयांचा माटुंगा.

या ट्रस्टच्या दोन्ही बाजू एकाच माणसाच्या आयुष्यात भेटतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकर कित्येक वर्षं परळच्या बीआयटी चाळीत राहिले. ती चाळ ट्रस्टची. १९३० च्या दशकात ते राहायला आले हिंदू कॉलनीतल्या ‘राजगृहा’त; ती गल्लीही ट्रस्टची. कॉलनीच्या पूर्वेचा हमरस्ता आज त्यांच्याच नावाचा आहे.

माहीमच्या खाडीपलीकडे, साष्टीत, हेच काम वेगळ्या रीतीनं झालं. तिथे ट्रस्टसारखा सगळी जमीन विकत घेणारा धनी नव्हता. १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्यानं वाट काढली. वांद्रे, खार, सांताक्रूझ, पार्ले इथल्या टाउन प्लॅनिंग स्कीम याच कायद्यातल्या. लोक त्याला अजून टीपीएसच म्हणतात. रीत अशी: समजा, वीस जणांची शेतं आहेत. कुणाची लांबडी पट्टी, कुणाचा तिरका तुकडा, कुणाला बांधावरून गेल्याशिवाय वाटच नाही. योजना करताना सगळ्यांचे बांध नकाशावर पुसायचे. रस्त्यांसाठी प्रत्येकाच्या जमिनीतून थोडाथोडा भाग घ्यायचा. उरलेली जमीन चौकोनी करून ज्याच्या त्याला परत द्यायची, शक्यतो मूळ जागेजवळ. प्रत्येक नवा भूखंड रस्त्याला लागलेला. जमिनीचं क्षेत्र घटतं, पण भाव वाढतो, आणि त्या वाढीतला वाटा मालकानं योजनेच्या खर्चाला द्यायचा. वांद्र्याच्या जुन्या सोसायट्यांच्या पत्त्यात ‘एफ. पी. नंबर’ दिसतो तो याच अंतिम भूखंडाचा. खारचे रस्ते तर नुसत्या क्रमांकांनी ओळखले जातात. खारच्या चौदाव्या रस्त्यावरून पंधराव्यावर जायला कुणाला नकाशा लागत नाही.

एका गोष्टीपाशी मात्र या योजना थांबल्या. जुन्या गावठाणांना, कोळीवाड्यांना आणि ईस्ट इंडियनांच्या पाखाड्यांना त्यांनी बहुतेक वळसा घातला. रणवार किंवा चुईममधली वेडीवाकडी वाट आजही तशीच आहे. घरं तशी राहिली हे चांगलंच झालं, पण रुंद रस्ते गावठाणाच्या कडेला येऊन अडतात ते तेव्हापासून.

१९३३ मध्ये ट्रस्टचं काम महापालिकेकडे आलं. एप्रिल १९५० मध्ये महापालिकेची हद्द अंधेरी-भांडुपपर्यंत गेली आणि १९५७ मध्ये दहिसर-मुलुंडपर्यंत. आजच्या हद्दीत १९५१ साली सुमारे ३० लाख माणसं होती, १९८१ साली ८२ लाख. तीस वर्षांत पन्नास लाखांहून जास्त माणसं वाढली, त्यातली बहुतेक उपनगरांत. फाळणीतून आलेले निर्वासित, आग्रा रोडच्या कारखान्यांतले कामगार, गिरगाव-दादरच्या दहा बाय बाराच्या खोलीत न मावणारी दुसरी पिढी. घराची निकड एवढी होती की रस्त्यासाठी थांबायला कुणाला सवड नव्हती.

टीपीएसला वेळ लागायचा. प्रत्येक मालकाची हरकत लवादापुढे जायची आणि एकेक योजना वर्षानुवर्षं रेंगाळायची. म्हणून विकास आराखड्याची वाट धरली गेली. १९६० च्या दशकातल्या पहिल्या आराखड्यात उपनगरांच्या नकाशावर रस्ते आखले गेले. यालाच आपण डीपी रोड म्हणतो. नकाशावर ते छान जोडलेले होते. जमीन मात्र ज्याची त्याच्याकडेच राहिली. महापालिकेकडे संपादनाला पैसा नाही, मालकाला सोडायची घाई नाही. १९९१ च्या नियमावलीत जमिनीच्या बदल्यात टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क, देण्याची सोय झाली आणि काही रस्ते मोकळे झाले, तरी रीत तीच राहिली: ज्या मालकानं बांधकाम काढलं त्याच्या हद्दीपुरता रस्ता होतो. शेजारच्या सर्व्हे नंबरवर वाद चालू असेल, नाला असेल, झोपडपट्टी असेल तर तिथे काँक्रीट संपतं. मालाड, कांदिवली, भांडुपमध्ये साठ फुटी रस्ता चालता चालता एकदम भिंतीला टेकतो. दोनशे मीटर पलीकडे त्याच रुंदीचा तोच रस्ता पुन्हा सुरू होतो. पालिकेच्या भाषेत मधल्या तुटलेल्या भागाला ‘मिसिंग लिंक’ म्हणतात. काही मिसिंग लिंक एका पिढीहून जुन्या आहेत.

आणि या सगळ्याच्या आत सोसायटीची कंपाउंड वॉल. प्रत्येक सर्व्हे नंबरचा स्वतंत्र लेआउट, त्याचा आतला रस्ता स्वतंत्र, आणि तो मागच्या भिंतीपाशी बंद. दोन सोसायट्या पाठीला पाठ लावून उभ्या असतात. स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोरच्या घरातला कुकर ऐकू येतो. त्या घरी जायचं तर गेटमधून बाहेर, लिंक रोडला, सिग्नलपर्यंत, वळून दुसऱ्या गेटमधून आत. म्हातारं माणूस त्यासाठी रिक्षा करतं. गिरगावची वाडी गाडीला बंद आणि पायांना मोकळी होती. इथे गाडीला फाटकापर्यंत रस्ता आहे आणि पायांना नाही. याउलट झोपडपट्टीतल्या वाटा कुठल्याही आराखड्यात नसूनही एकमेकींत मिसळतात. अशा वस्तीचं पुनर्वसन होऊन टॉवर उभा राहिला की शौचालय आणि पक्कं घर मिळतं, जे हक्काचंच आहे. पण शेजारची वस्ती ज्या वाटेनं बाजाराला जायची ती वाट पुष्कळदा टॉवरच्या भिंतीआड जाते, आणि ती कुठल्याही कागदावर नसल्यानं तिची नोंदही होत नाही.

उपनगरांचा पूर्व-पश्चिम दुभंग तर रेल्वेनेच केला. रूळ उत्तर-दक्षिण, मधे राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर आणि तलाव. एका अंगाहून दुसऱ्या अंगाला जायला मोजके पूल आणि भुयारी वाटा. खारचा, मिलनचा, अंधेरीचा सबवे जोराच्या पावसात तुंबतो आणि बंद होतो. अंधेरीचा गोपाळ कृष्ण गोखले पूल १९७५ चा. ३ जुलै २०१८ च्या सकाळी त्याचा पादचारी भाग रुळांवर कोसळला. ७ नोव्हेंबर २०२२ रोजी अख्खा पूलच धोकादायक ठरवून बंद केला, आणि अंधेरीचं कंबरडं मोडलं. सारी गर्दी पार्ल्याच्या कॅप्टन गोरे पुलावर, मिलनच्या पुलावर आणि अंधेरी सबवेत लोटली. शाळेच्या बस, रुग्णवाहिका, रिक्षा, सगळं तासन् तास अडकू लागलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये नव्या पुलाची एक बाजू उघडली, तर ती शेजारच्या बर्फीवाला उड्डाणपुलाच्या पातळीला जुळेना. दोन्ही पूल जोडायला जुलै उजाडला. दुसरी बाजू पुरी व्हायला आणखी काही महिने गेले. लाखो माणसांचं रोजचं जाणं-येणं ज्या एका पुलावर टांगलेलं होतं, त्याला शेजारी पर्यायच नव्हता. दादरच्या गल्लीत एक रस्ता बंद झाला तर दोन मिनिटं लागतात, अंधेरीत एक पूल बंद झाला तर अडीच वर्षं जातात.

पण न जोडलेल्या रस्त्यांनी सर्वांत भयंकर किंमत वसूल केली ती उपनगरांत नाही, शहराच्या मध्यात, गिरणगावात. गिरण्या मोठमोठ्या आवारांत वसल्या होत्या. भिंती उंच, गेट एक-दोन. तेव्हा त्यात गैर काही नव्हतं, कारण कामगार भोवतालच्या चाळींत राहत आणि भोंगा झाला की पायी येत. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या आणि जवळजवळ ६०० एकर जमीन शहराच्या पोटात मोकळी होण्याची चिन्हं दिसू लागली. अशी संधी शहराला एकदाच मिळते. १९९१ च्या नियमानुसार त्यातला एक तृतीयांश भाग पालिकेला, एक तृतीयांश म्हाडाला आणि उरलेला मालकाला मिळायचा होता. १९९६ मध्ये वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिचा रोख असा की गिरण्यांच्या जमिनी सुट्यासुट्या न पाहता एकत्र पाहाव्यात, त्यांतून रस्ते, मोकळ्या जागा, घरं यांचा एकच आराखडा व्हावा. टीपीएसचाच विचार, फक्त शेतांच्या जागी गिरण्यांची आवारं. तो आराखडा बाजूला राहिला. २००१ मध्ये नियम बदलून वाटणी फक्त रिकाम्या जमिनीची ठरली. शेड उभ्या होत्या ती जमीन वाटणीतून सुटली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो बदल ग्राह्य धरला.

मग प्रत्येक आवार आपापल्या भिंतीच्या आत विकसित झालं. गिरणीच्या जागी कार्यालयं आली, गेट तेच राहिलं. फरक एवढाच की आता माणसं शेजारच्या चाळीतून येत नव्हती. ती विरार, कल्याण, पनवेलहून लोकलनं येत होती, आणि परळ व त्या वेळचं एल्फिन्स्टन रोड (आताचं प्रभादेवी) या स्थानकांमधल्या अरुंद पुलावर एकाच वेळी उतरत होती. २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी पाऊस आला, माणसं जिन्यावर थांबली, मागून लोंढा येत राहिला. चेंगराचेंगरीत २३ जणांचा जीव गेला. लष्करानं तिथे नवा पादचारी पूल बांधून दिला आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये तो खुला झाला. पाच महिन्यांत होणारं काम होतं ते. आधीच्या वीस वर्षांत ते कुणी केलं नव्हतं.

ही मुंबईपुरती गोष्ट नाही. क्रिस्टोफर बॅरिंग्टन-ली आणि ॲडम मिलार्ड-बॉल या दोन संशोधकांनी जगभरच्या रस्त्यांचे नकाशे संगणकावर तपासून २०२० मध्ये निष्कर्ष मांडले. मोजायची त्यांची रीत गल्लीतल्या पोरालाही कळेल अशी आहे: नाक्यावर किती रस्ते मिळतात? बंद गल्लीत एक, तिकाटण्यावर तीन, चौकात चार. १९७५ पासूनच्या नव्या वस्त्यांत जगातल्या बऱ्याच भागांत चौक कमी आणि बंद गल्ल्या जास्त होत गेल्याचं त्यांना दिसलं. त्याआधी, २०१५ मध्ये, अमेरिकेपुरतं त्यांनी दाखवलं होतं की तिथे हा कल १९९० च्या दशकात कळसाला पोचून मग उतरू लागला. उतरला म्हणजे नव्या वस्त्या बऱ्या होऊ लागल्या. ज्या आधीच तुटक आखल्या गेल्या त्या तशाच राहिल्या.

गुजरातनं १९१५ च्या त्याच मुंबई कायद्याचा वारसा सोडला नाही. तिथला १९७६ चा कायदा टीपीएसवरच उभा आहे आणि अहमदाबादची वाढ गेली कित्येक दशकं त्यातूनच होत आली आहे. आपल्याकडे जन्मलेली रीत आपण अडगळीत टाकली आणि शेजाऱ्यानं ती वापरात ठेवली, याची मला खंत वाटते. अलीकडे ती परत आली आहे: पुण्याजवळ म्हाळुंगे-माण इथे पीएमआरडीएकडून, आणि नवी मुंबई विमानतळाभोवतीच्या ‘नैना’ क्षेत्रात सिडकोकडून. नैनात शेतकऱ्याला मूळ जमिनीच्या ४० टक्क्यांइतका अंतिम भूखंड मिळतो. बाकी रस्ते, बागा, शाळा आणि विक्रीसाठी जाते. पनवेल-उरणच्या गावकऱ्यांनी त्याविरुद्ध मोर्चे काढले आहेत. साठ टक्के जमीन देणाऱ्याला रस्ता कधी होणार याची तारीख हवी असते. त्यांचा अविश्वास मला समजतो. मोठ्या रस्त्यासाठी घर देणाऱ्यांच्या वाट्याला काय येतं, हे मांडवी-भुलेश्वरच्या लोकांनी सव्वाशे वर्षांपूर्वी पाहिलं होतं.

आणि सुकापूर, विचुंबे, उसर्ली या पट्ट्यात योजनेचे रस्ते व्हायच्या आधीच सात-सात मजली इमारतींत माणसं राहायला आली आहेत. सकाळी आठ वाजता तिथल्या वाटा पनवेल स्थानकाकडे जाणाऱ्या रिक्षांनी आणि दुचाकींनी भरलेल्या असतात. नकाशावरच्या रुंद रस्त्यांची जमीन तिथे अजून ताब्यात घ्यायची आहे, आणि दर महिन्याला नव्या इमारतीचा पाया खणला जातो आहे.